आक्कांची शिंगटी आणि माझा ब्रेड

आक्का, काल दुपारी बसायला आलेल्या बायकांनी तुमची फार स्तुती केली. एक जण म्हणाली, "आक्का म्हणजे गरीब गाय. कधी कुणाला उलटून बोलल्या न्हाईत." मी पदर तोंडाला लावला आणि खाली बघत राहिले. त्यांना वाटलं, रडतेय. शेजारणीनं पाठीवरून हात फिरवला. आता तिला कसं सांगायचं, की मी हसू दाबत होते म्हणून?

माणूस गेलं की लोक त्याच्यातलं मीठ-तिखट काढून घेतात आणि दूधभात करून वाटतात. तुमचाही दूधभात व्हायला लागलाय. म्हणून आज जेवणं उरकून सगळे आडवे झाल्यावर मी कागद घेऊन बसले. तुम्ही कधी जन्मलात, कुणाच्या कोण होतात, मागे कोण कोण आहे, ते माझ्या मुलांनी पेपरात दिलंय. फोटो डोक्यावरून पदर घेतलेला दिलाय, तुम्हाला न आवडणारा. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला शिंगटीचं बोलायचं आहे, आणि ब्रेडचं. ब्रेडवरून आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि तुम्ही ते जिंकल्यासारखं तोंड करून निघून गेलात.

संस्थान विलीन झालं त्याच्या आगेमागे मी लग्न होऊन या घरात आले, तुमची धाकटी जाऊ म्हणून. तेव्हा मी कोण होते, तर जयसिंगपूरची सातवी फायनल पास झालेली एक शहाणी. शाळेतल्या बाईंनी आम्हाला काकडीचं सँडविच करायला शिकवलं होतं आणि तेवढ्या एका पदार्थावर मी कोल्हापूर जिंकायला निघाले होते. पहिल्याच रविवारी मी बेकरीतून ब्रेड आणवला, कडा कापल्या, तिकोनी तुकडे केले, बशीत मांडले आणि आत्याबाईंपुढं, म्हणजे आपल्या सासूबाईंपुढं, ठेवले. त्यांनी बशी उचलून उजेडात धरली.

"हे कुणाचं उष्टं गं?"

उष्टं नव्हे, पद्धतच अशी असते, असं मी सांगायला लागले. तुम्ही चुलीपुढून मान वर न करता म्हणालात, "आत्याबाई, उंदीर शिकलेला दिसतोय. कडंकडंनं खाल्लंय त्यानं."

थोरले दीर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी खोलीत जाऊन रुसून बसले. थोड्या वेळानं तुम्ही चहाचा पेला घेऊन आलात आणि माझ्यासमोर बसून त्या कापलेल्या कडा एकेक करून चहात बुडवून खाल्ल्यात. "कडा झ्याक हायत गं शालन. मधलं कशाला ठिवलंस?" एवढंच बोललात. मला तुमचा राग आला होता, आणि हसूही येत होतं. पुढं सगळा जन्म तुमच्या बाबतीत माझं असंच होत राहिलं.

थोरले दीर सिनेमा कंपनीत देखावे उभे करायचे. लाकडाचे किल्ले, कापडाच्या भिंती, भुशाचे दगड. त्या घरात मोकळं हसणारा माणूस तेवढाच. पुढच्या थंडीत विषमज्वरानं त्यांना नेलं. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. तुम्ही तेव्हा पंचविशीच्याही आत होतात, हे मला आज लिहिताना उमगतंय. तेव्हा मला तुम्ही चांगल्या थोराड वाटायचात.

दुखवट्याचे दिवस सरले आणि कुरुंदवाडहून तुमचे थोरले भाऊ आण्णा आले. आण्णा वाईट नव्हते. चांगल्या माणसांना नकार देणं अवघड, म्हणूनच तो प्रसंग अवघड होता. पुढच्या सोप्यात बसून ते आत्याबाईंना म्हणाले, "ताराला घेऊन जातो. आमच्याकडं चार पोरं हायत, आई अंथरुणाला हाय. हिचाबी जीव रमंल."

तुम्ही दाराच्या आडून म्हणालात, "माझा जीव रमंल, का वैनीचा हात हलका हुईल?"

मी आतून, दोन खोल्यांतली एक रिकामी होणार म्हणून, खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावायचा ते ठरवत होते. असलं रत्न मी, तुमची धाकटी जाऊ.

मग तुम्ही बाहेर आलात. "आत्याबाई, मी ह्या घरात लगीन करून आलीया. माझं माझं भागवलं तर ठिवून घेशीला का न्हाई?"

आत्याबाईंनी आधी आण्णांकडं बघितलं. "भागवलंस तर ऱ्हा की. आमी कुठं ढकलालोय?"

"दिवाळीपतोर बघतो," आण्णा उठत म्हणाले. "भाऊबीजेला यीन ते घेऊनच जाईन. बहिणीनं कुणाच्या दारात भांडी घासलेली मला चालायची न्हाईत."

तर असं ते होतं. दिवाळीच्या आत तुम्हाला पोटापुरतं काहीतरी उभं करायचं होतं. नाहीतर कुरुंदवाड, भावजयीची चूल आणि तिच्या पोरांची बाळुती.

कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी दिरांच्या ओळखीचा. त्यानं तुम्हाला फाटकाशेजारच्या लिंबाखाली बसायला परवानगी दिली. तुम्ही झुणका-भाकरी घेऊन गेलात. तिथं झुणका-भाकरीवाल्या दोघी आधीपासून बसत होत्या आणि त्यांची गिऱ्हाइकं नवऱ्यासारखी ठरलेली होती. संध्याकाळी तुम्ही पाटी तशीच परत आणायचात आणि आम्ही सगळे सलग झुणका खायचो.

आणि मग शिंगटी आली.

आपलं गाव मटणाचं. मासा म्हणजे कधीमधी, तोही मरळ. नदीवरची पारूबाई टोपलं घेऊन गल्लीत यायची तेव्हा मरळीला दहा हात पुढं व्हायचे आणि तळाला राहायची ती शिंगटी. काळपट, बुळबुळीत, अंगावर खवला नाही, तोंडाला लांब मिशा, आणि हातात धरली की कुरकुर आवाज करणारी. त्यात ती घाटाच्या खाली, मसणवटीच्या डोहात जास्त मिळायची. तिथं ती काय खाऊन माजते याच्या गोष्टी गल्लीतल्या बायका रंगवून सांगायच्या. पारूबाई जाता जाता उरलेली शिंगटी मांजरांना टाकायची. तुम्ही एक दिवस तिला म्हणालात, "मांजराला टाकतीस ती मला टाक की."

"वैनी, खाणार कोण ही?"

"तू टाक. खाणाऱ्याचं मी बघते."

तुमचं कुरुंदवाड म्हणजे आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला, संगमावरचं गाव. तुमच्या लहानपणी ती तुम्ही खाल्लेली. तुम्ही अंगणात बसलात, चुलीतली राख घेऊन एकेक शिंगटी चोळलीत, तेव्हा तिचा बुळबुळीतपणा गेला. पाठीवरचा काटा आणि दोन्ही बाजूंचे काटे सांडशीनं मोडलेत. ते काटे लागले तर हात दिवसभर ठणकतो. विळीवर मधला काटा काढलात आणि आत बघते तर पांढरंशुभ्र मांस, दुसरा काटा म्हणून नाही. तळलंत. मी लांबून नाक धरून एक घास खाल्ला. रंकाळ्याचा तळ खाल्ल्यासारखा लागला.

"चिखल लागतोय," मी म्हटलं.

"लागतोय खरा," तुम्ही म्हणालात. रडकुंडीला आलेलं मी तुम्हाला तेव्हा बघितलं, आणि तसं फार वेळा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ताकाचं भांडं घेऊन बसलात आणि मासा त्यात बुडवलात. आत्याबाईंनी देवघरातून हाका मारायला सुरुवात केली. मासा आणि दूधदुभतं एका पोटात गेलं की अंगावर कोड उठतं, हे या घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मी तर सातवी फायनल. आरोग्यशास्त्राचा धडा पाठ. मी पुढं होऊन तुम्हाला समजावून सांगितलं, की हे विरुद्ध अन्न आहे, रक्त बिघडतं, आणि मग इलाज नसतो.

"ताक ओतून टाकणार हाय मी," तुम्ही म्हणालात. "चिखल घेऊन ताक जातंय, मासा ऱ्हातोय. तुझं रक्त कुठं बिघडतंय त्यात?"

मग मासा धुऊन, पिळून, त्याला चिंच-मीठ आणि कांदा-लसणाची चटणी चोळलीत, शाळूच्या पिठात घोळवलंत आणि गोडेतेलात सोडलंत. वास सुटला तो असा, की शेजारचे वाणीमामा खिडकी लावून घ्यायला उठले आणि खिडकीशीच उभे राहिले. मी एक तुकडा खाल्ला. मग एक. मग भांडं तुम्ही माझ्यापुढून उचललंत म्हणून थांबले.

त्यानंतरचे दिवस मी आरशापुढं काढले. मान, हात, पोटऱ्या, सगळं तपासत होते. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय शोधतीयास?" मी म्हटलं, काही नाही. आणि एका सकाळी कोपराला पांढरा डाग दिसला. मी स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसले आणि गळा काढला, की माझं वाटोळं झालं, आता मला माहेरी पाठवतील. तुम्ही हात पुसत आलात, माझा कोपर उजेडाकडं वळवलात, बोटाला थुंकी लावून डाग पुसलात.

"शाळूचं पीठ हाय," तुम्ही म्हणालात. "काल माझ्याजवळ मासा मागायला येऊन खेटून बसलीवतीस न्हवं?"

ही गोष्ट तुम्ही माझ्या सुनांना सांगितलीत, नातसुनांना सांगितलीत, आणि गेल्या वर्षी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगितलीत. आता कुणाला सांगाल?

तर फाटकावर मासा गेला. पहिले काही दिवस रस्सा-भाकरीच होती. आत तेव्हा ऐतिहासिक चित्रपट चालला होता. तालमीतली पोरं मावळे झाली होती, थोडी मोगल झाली होती, आणि लढाईची वाट बघत दिवसभर उन्हात बसायची. डिंकानं चिकटवलेल्या दाढ्यामिशा, भरजरी अंगरखे, आणि पोटात भूक. तुमच्या रश्श्यावर ती तुटून पडली. पण गरम रश्श्याची वाफ डिंकाला सोसेना. एका मोगलाची दाढी सुटून ताटलीत पडली, आणि त्यानं ती झटकून परत लावली. शेवटी कपडेपटाचे मास्तर फाटकाबाहेर आले.

"बाई, उद्यापासनं हितं रस्सा दिसला न्हाई पायजे. मोगलाच्या अंगरख्यावर हळद हाय. त्येचं काय लगीन लावलंय का मी?"

त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपुढं बसून राहिलात, चूल पेटवली नाहीत. पाऊसकाळ तोंडावर आला होता. आणि इथं, आक्का, इथं मी म्हणाले, "मग कोरडं द्या. सँडविच करा."

मी म्हणाले. तुम्ही आयुष्यभर हे अर्धंच कबूल केलंत. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही विचारलंत, "त्येच्यात काय घालू?" आणि मी म्हटलं, "काकडी." मी तसं म्हटलेलं मला आठवत नाही. म्हटलं असेल तर ते नुसतं उदाहरण म्हणून. दिवाळीच्या फराळाला, लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर, आपण हा तंटा किती वेळा काढला. परवाच्या आजारपणात तुमच्या उशाशी बसून मी म्हटलं, "आक्का, आता तरी म्हणा, ब्रेड माझा." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "काकडी." ते तुमचं मला उद्देशून शेवटचं बोलणं. लोकांना मी सांगितलंय, की शेवटी देवाचं नाव घेतलंत.

कडा कापायच्या नाहीत, हे मात्र निखालस तुमचं. मासा तळलेल्या तव्यावरच स्लाइस खमंग परतायची, एका अंगाला चटणी, वर कांद्याची चकती, तळलेली शिंगटी, लिंबू पिळायचं, दुसरी स्लाइस दाबायची आणि पळसाच्या पानात गुंडाळून हातात. ना रस्सा, ना हळद. मिशीला धक्का नाही. मोगल आणि मावळे एका रांगेत उभे राहून खायला लागले. रांगेत सगळ्यात पुढं बंडा पैलवान. त्याला सरदार केला होता, कमरेला तलवार होती, म्हणून त्याला कुणी मागं हो म्हणत नव्हतं.

"आक्का, मासा कंचा म्हणायचा ह्यो?"

"पाण्यातला."

"पाण्यातला त्ये कळतंय की."

"मग आनी काय पायजे तुला, त्येची पत्रिका?"

मासा कुठला ते तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. विचारलं तर हसण्यावारी न्यायचं, एवढंच. खोटं बोलला नाहीत, खरंही बोलला नाहीत, आणि ते तुम्हाला बोचत होतं, कारण रात्री जेवताना तुम्ही अचानक म्हणायचात, "चवीला चांगला लागतोय, मग नावाला काय करायचंय?" तुम्हाला कुणी काही विचारलेलं नसताना.

आणि मी कुठं असायचे? रस्त्याच्या पलीकडं, छत्री उघडून. ऊन नसलं तरी. कोर्टातल्या कारकुनाची बायको मासेवालीची जाऊ आहे हे कळू नये, आणि तुमचं काय चाललंय ते मात्र दिसावं, म्हणून ही युक्ती. सगळ्या पेठेत कोरड्या दिवशी छत्री धरून उभी राहणारी बाई मी एकटी. त्यामुळं मला न ओळखणारेही ओळखायला लागले.

श्रावणात कुणी माशाला शिवेना. तो महिना गेला. गणपती, पितृपंधरवडा, मग अंबाबाईचं नवरात्र, तेही गेलं. दिवाळी जवळ आली आणि तुम्ही दुप्पट मासा तळायला लागलात. घरात तुमच्या वाटचं धान्य तुम्ही स्वतः आणून ओतत होतात, आणि आत्याबाई आता डब्याचं झाकण काढून धरायच्या.

मग आण्णा आले, भाऊबीजेच्या आधीच. कुरुंदवाडच्या बाजारात त्यांना कुणीतरी सांगितलं, तुमची बहीण कंपनीच्या फाटकावर नटव्यांना मासं तळून घालती. ते तडक यष्टीनं आले. पांढरा फेटा, लाल झालेले डोळे. रांग बाजूला सारत ते पुढं घुसले. बंडा सरदारानं हात आडवा घातला.

"ओ पावणं, लायनीत. हितं मोगलबी लायनीत हायत."

"माझी बहीण हाय ती."

"आमचीबी हाय. लायनीत."

आणि आण्णा रांगेत उभे राहिले, आक्का. रागानं फेटा सारखा करत होते, पण पुढं मावळा, मागं मोगल, काय करतील. त्यांचा नंबर आला तेव्हा तुम्ही मान वर केलीत. दादापुता केलं नाहीत, पदर सावरला नाहीत. पान त्यांच्या हातात ठेवलंत. "आदी खावा. मग काय बोलायचं त्ये बोला."

त्यांनी एक घास घेतला. दुसरा घेतला. चावणं हळू झालं. चेहऱ्यावरचा राग कुठं गेला ते कळलं नाही. लहान पोराला हरवलेली वस्तू सापडावी तसं त्यांचं तोंड झालं, आणि संगमावर वाढलेला तो माणूस, डोळे मिटून मासा ओळखणारा, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला:

"तारा, शिंगटी हाय की गं ही."

बंडाचा जबडा होता तिथं थांबला. "शिंगटी?"

एक मावळा थुंकला. एक मोगल गटाराकडं धावला, एका हातानं दाढी धरून. मागून कुणीतरी विचारलं, "घाटाखालची?" रांग म्हणून जे काही होतं ते मोडलं.

"व्हय, शिंगटी," तुम्ही म्हणालात. "आजची न्हवं, पैल्या दिसापासनं शिंगटीच. कुणाला काय झालंय त्ये सांगा."

तुमचा उलथनं धरलेला हात तसाच वर राहिला. तो हात मी रस्त्यापलीकडून बघितला आणि मला कळलं, दिवाळी हातची गेली. माझी छत्री कधी मिटली मला माहीत नाही. मी रस्ता ओलांडला आणि तव्यापुढं येऊन बसले. करायचं काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून स्लाइस परतायला लागले.

"जळालं बघ," तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात. "उलथ की."

आण्णांनाही कळलं होतं. तुम्हाला न्यायला आलेला माणूस तो. एका शब्दात त्यांचं काम झालं होतं. आता नुसती शेगडी उचलायची आणि चल म्हणायचं. त्यांनी तुमच्या हाताकडं बघितलं. मग फेटा काढून मांडीवर ठेवला, तुमच्या शेजारी दगडावर बसले आणि पळसाचं पान पुढं केलं.

"आनी एक दे."

ते खाल्लं. आणखी एक घेतलं. आणि तोंडात घास असतानाच मोठ्यानं बोलायला लागले. "घाटाखालची म्हणं. आरं, घाटावर तुमी जाणार मेल्यावर, शिंगटी कशाला जाईल? आमच्या कुरुंदवाडात बाळंतिणीला देत्यात ही. दूध वाढतंय. पैलवानाला तर हिच्यासारखं दुसरं न्हाई."

"पैलवानाला?" बंडा म्हणाला.

"मग. आमच्याकडच्या पैलवानांच्या मिशा बघितल्यास का कधी? कशानं येत्यात त्या?"

बंडाचा हात आपल्या चिकटवलेल्या मिशीवर गेला. आधी एक हसला, मग दुसरा. आणि बंडा खाली बघत, कुणाकडं न बोलल्यासारखं म्हणाला, "आक्का, माझा ऱ्हायलेला कुठं ठिवलासा?"

सगळे परत आले नाहीत. काही जणांनी त्यानंतर फाटकाकडून जाणंच सोडलं. पण तेवढ्यांची जागा भरून निघाली, कारण शिंगटीनं मिशा येतात ही बातमी तालमीतालमीतून फिरली. बाळंतिणीला शिंगटी देतात, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही कधी नाही. कुरुंदवाडच्या बायकांना विचारलं तेव्हा त्या माझ्याकडंच विचित्र बघायला लागल्या.

हात धुताना आण्णा म्हणाले, "मी न्यायला आलतो तुला."

"मग?"

"मग काय. भाऊबीजेला येतो."

"या. न्यायला येऊ नगासा."

"ते बघू."

आणि मग वर्षानुवर्षं ते भाऊबीजेला येत राहिले. तुम्ही ओवाळायचात, ते "चल" म्हणायचे, तुम्ही "न्हाई" म्हणायचात आणि ताटात ब्रेडमधली शिंगटी वाढायचात. कंपनी बंद पडली, लिंब तोडला, तुमचा तवा स्टँडाजवळच्या गाळ्यात गेला, तुम्ही म्हाताऱ्या झालात, ते म्हातारे झाले, तरी हे चुकलं नाही. ते गेले तेव्हा तुम्ही कुरुंदवाडला जाऊन त्याच संध्याकाळी परत आलात. मी म्हटलं, राहायचं होतं दोन दिवस. तुम्ही पायातली चप्पल काढता काढता म्हणालात, "ज्येला न्हाई म्हणायचं त्योच गेला. आता ऱ्हाऊन कुणाला न्हाई म्हणू?"

त्यानंतर कितीदा मला विचारायचं होतं, की आक्का, एखाद्या वर्षी तरी तुम्हाला हो म्हणावंसं वाटलं होतं का. विचारलं नाही. आणि दुसरंही एक कधी बोलले नाही. तुम्ही राहिलात ते बरं झालं. माझी दोन्ही बाळंतपणं तुम्ही केलीत, आमचे हे गेले तेव्हा मला खायला घालणाऱ्या तुम्ही, सुनांशी मी वाकडं वागले की मला दारामागं नेऊन झापणाऱ्या तुम्ही. ज्या खोलीचा पडदा मी ठरवत होते त्या खोलीत तुम्ही नसतात, तर मी या घरात एकटीनं कशी शहाणी झाले असते? पण हे तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, "आज काय पायजे तुला?" म्हणून राहिलं.

आता घाटावरचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असायला हवं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला मीही गेले. गुडघे दुखतात, पायऱ्या झेपणार नाहीत, असं सगळे म्हणाले, तरी गेले. आण्णांचा मुलगा कुरुंदवाडहून आला होता, हातात नवं मडकं घेऊन. तो माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काकू, थोडी रक्षा आमच्याकडं संगमावर नेऊ का? आमच्या बाबांची लई इच्छा हुती आत्याला न्यायची. जल्मभर न्हाई आली. आता तरी नेतो."

माझी मुलं म्हणाली, चांगलंच आहे की, न्या. पोराचे डोळे भरले होते. अगदी आण्णांसारखा चेहरा. चांगल्या माणसांना नकार देणं अवघड, हे मी तुमच्याकडून शिकले, पण द्यायचा कसा तेही तुमच्याकडूनच शिकले.

"न्यायची न्हाई," मी म्हटलं. "हितंच सोडायची. ही नदी तुमच्या गावालाच येती न्हवं? आत्याला यायचं असलं तर ती आपली आपण यील."

"आणि न्हाई आली तर?"

"तर न्हाई आली."

त्यानं मडकं पायरीवर ठेवलं. मुलांनी तुम्हाला पाण्यात सोडलं. पाण्याला त्या दिवशी ओढ नव्हती. रक्षा पुढं सरकेना, पायरीपाशीच संथ गोल फिरत राहिली. पोरगं काठीनं पाणी ढकलायला वाकलं. मी त्याचा हात धरला.

"घाई करू नगंस," मी म्हटलं. "इचार करालीया ती."